कशावरूनबाईंचा बंदोबस्त

१५ जून
आजपासून रोजनिशी. लोक हौस म्हणून लिहितात, मी पुरावा म्हणून लिहिणार आहे. या शाळेत भाषा विषयाचं वाटोळं नक्की केव्हा सुरू झालं असं उद्या कोणी विचारलं, तर तारीख हाताशी असावी. तारीख आजची.

सकाळी हेडसर स्टाफरूममध्ये आले आणि भाषेचे नवे विषयप्रमुख जाहीर करतो म्हणाले. मी उठून उभा राहिलो. चार शब्द बोलायची तयारी होती, चष्माही पुसून ठेवला होता. नाव घेतलं तिचं. परवापरवा शाळेत आलेली बाई. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मी खिडकी उघडायला उठलो होतो असं दाखवलं. खिडकी उघडीच होती, म्हणून बंद केली. दिवसभर सगळे उकडतंय उकडतंय करत होते. भोगा.

भाषेच्या कपाटाची किल्ली तिला. नववीचे तास तिला. मला पाचवी-सहावी. शिवाय आमची कन्या यंदा नववीत, म्हणजे घरातसुद्धा तिचा माणूस शिरला.

अभिनंदन केलं. मी मोठ्या मनाचा आहे. फक्त विसरत नाही.

समोर 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणावंच लागतं. या वहीत मात्र 'ती'. एवढं तरी स्वातंत्र्य हवं.

१६ जून
रात्री झोप लागली नाही. पंखा फार आवाज करतो. बायकोला म्हणालो, इलेक्ट्रिशियनला बोलाव. ती म्हणाली, तिला काही आवाज येत नाही. कान तपासून घे म्हणालो. त्यानंतर चहा स्वतः करून घ्यावा लागला.

संकल्प: सूडबुद्धी ठेवायची नाही. तिला तिच्या कर्माने पडू द्यायचं.

दुपारी. संकल्पात दुरुस्ती. आपोआप पडायला तिला फार वेळ लागेल. थोडा हातभार लावायला हरकत नाही.

२३ जून
ती माझ्या टेबलापाशी आली. सर, तुम्ही इतकी वर्षं नववीला शिकवलंत, मुलं कुठे अडतात ते तुम्हालाच माहीत, एकदा बसूया का, असं विचारत होती. म्हणजे गोड बोलून नोट्स काढून घ्यायच्या. माझ्या नोट्स पिवळ्या पडल्या आहेत, पण त्यांना अजून तोड नाही. मी म्हणालो, पाणी आणायचंय. बाटली टेबलावर भरलेली होती. ती घेऊनच गेलो.

१ जुलै
नववीच्या वर्गावरून जाण्याचा योग आला. नंतर परत येण्याचाही आला. मग रुमाल विसरलो होतो.

तिची पद्धत कळली. पद्धत कसली, टाइमपास. फळ्यावर एक अक्षर लिहीत नाही. उतारा वाचायला देते आणि विचारते, या माणसाबद्दल तुम्हाला काय वाटतं. एखादं पोरगं उठून म्हणतं, तो घाबरलाय. ही म्हणते, कशावरून? मग पोरगं ओळ दाखवतं. दुसरं म्हणतं घाबरला नाही, चिडलाय. कशावरून? तेही ओळ दाखवतं. आणि ही दोघांनाही छान म्हणते. दोघं बरोबर कसे असतील? मग पेपर तपासायचे कशाला?

माझ्या वर्गात असा गोंधळ कधी झाला नाही. 'प्रस्तुत पाठातून लेखकाने मानवी मूल्यांचे हृद्य दर्शन घडवले आहे' हे वाक्य मी पहिल्याच आठवड्यात पाठ करून घ्यायचो. वर्षभर पुरायचं. कवितेला लेखकाच्या जागी कवी.

तिचं नाव ठेवलं. कशावरूनबाई. गणितवाल्यांना सांगितलं, ते खूप हसले. दुपारपर्यंत सगळी शाळा तिला या नावाने ओळखायला लागली. पहिला वार वर्मी बसला.

३ जुलै
तिला ते नाव आवडलंय. मुलांनी रंगीत कागदावर 'कशावरूनबाईंचा वर्ग' असं लिहून दारावर लावलं, ते तिने राहू दिलं. वर हे नाव ज्याने सुचवलं त्याचे आभार मानायचेत म्हणे. निर्लज्जपणाची कमाल आहे.

९ जुलै
जेवताना सहज म्हणालो, वरच्या मजल्यावरचे बँकवाले फार गर्विष्ठ आहेत. कन्येने विचारलं, कशावरून? मी म्हणालो, जिन्यात भेटले तर बोलत नाहीत. तर ही म्हणते, बाबा, तुम्ही तरी कुठे बोलता, ते लाजत असतील, या पुराव्यावर दोन्ही अर्थ निघतात. बायको हसली. बऱ्याच दिवसांनी हसली आणि ते असल्या गोष्टीवर.

घासावर लक्ष द्या म्हणालो.

२० जुलै
हेडसरांकडे गेलो. तक्रार नाही, काळजी म्हणून. नववीचा पोर्शन मागे पडलाय, वह्या कोऱ्या आहेत, मुलं मोठ्यांना उलट विचारतात. हेडसर गंभीर झाले. उद्या स्वतः वर्गावर जाऊन बसतो म्हणाले. आता बघाच.

२१ जुलै
हेडसर पाच मिनिटांसाठी गेले ते तास संपल्यावर बाहेर आले. डोळे चमकत होते. भाषेच्या सगळ्या शिक्षकांनी हा वर्ग बघायचा असा हुकूम निघालाय. सुरुवात माझ्यापासून. माझी तळमळ त्यांना दिसली म्हणून.

२५ जुलै
शेवटच्या बाकावर बसलो. गुडघे बाकात अडकले.

उतारा असा: एक म्हातारी घरात एकटी आहे, ती चहा करते आणि दोन कपांत ओतते. संपला उतारा. या दोन कपांवर अख्खा तास चालला. कोणी गेलंय, कोणी यायचंय, ती विसरलीये, ती विसरायला तयार नाही. मी असतो तर तेवढ्यात लेखक-परिचय, मध्यवर्ती कल्पना आणि गृहपाठ उरकला असता.

मग तिने मला उतारा मोठ्याने वाचायची विनंती केली. सरांचा आवाज फार चांगला आहे म्हणे. सगळ्यांसमोर आवाज चांगला म्हणायचं, म्हणजे बाकी काही चांगलं नाही. अपमान गिळून वाचला. वर्ग एकदम शांत झाला होता. कन्या माझ्याकडे बघून हसली. कसलं हसू ते कळलं नाही.

तास संपल्यावर ती पुन्हा म्हणाली, सर, बसूया का एकदा. घसा कोरडा पडलाय, पाणी आणायचंय म्हणालो.

६ ऑगस्ट
एक नोंद, केवळ माहितीसाठी. गेल्या वर्षापर्यंत कन्या उत्तर लिहिलं की मला दाखवायला आणायची. मी लाल पेनाने दुरुस्त करायचो, ती खुर्चीच्या हाताला टेकून उभी राहायची. यंदा जूनपासून एकदाही आली नाही. परवा मीच विचारलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही माझं उत्तर खोडून तुमचंच लिहिता.

मला काही वाटलं नाही. लाल पेन वाळून गेलंय, एवढंच.

हे मात्र आता वैयक्तिक झालं. कशावरूनबाई, तुम्हाला धडा शिकवला नाही तर नाव लावणार नाही.

१२ ऑगस्ट
कोपऱ्यावरचे औषधवाले भेटले. त्यांचा मुलगा नववीत आहे. त्यांना भडकवलं. पालकांनी आवाज उठवायला हवा म्हणालो. तावातावाने शाळेत गेले.

१८ ऑगस्ट
औषधवाले भांडायला गेले ते तिच्या तासाला बसून आले म्हणे. आता दुकानात कथा वाचत बसतात. आज मला खोकल्याचं औषध देताना म्हणाले, सर, खोकला कोरडा आहे म्हणता, कशावरून?

२५ ऑगस्ट
दैव आहे.

सहामाहीचा नववीचा भाषेचा पेपर मी काढायचा आणि मीच तपासायचा. शिकवणाऱ्याने आपल्या वर्गाचा पेपर काढायचा नाही, असा नियम आहे. कन्या त्या वर्गात आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. हेडसर म्हणाले, नाव-नंबर झाकलेले असतात आणि तुमच्यावर विश्वास आहे, फक्त घरी बोलू नका. अपठित उतारा कुठल्याही पुस्तकातला नको, मुलांना गाईडमध्ये सापडतो, म्हणून तुम्हीच लिहा.

मीच लिहू. ठीक आहे. लिहितो.

३ सप्टेंबर
उतारा तयार. शीर्षक 'बाग'. एक जुना, अनुभवी माळी स्वतःची कहाणी सांगतो. मालक त्याची झारी काढून एका नव्या माळीणबाईला देतो. कोण कोण आहे हे जगात कोणालाही ओळखता येणार नाही, पण वाचणाऱ्याच्या मनात माळिणीबद्दल घृणा उत्पन्न झाल्याशिवाय राहणार नाही. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. यातल्या काही ओळी इथे जपून ठेवतो.

'माझ्या खोपटात वीज नाही. कंदिलावर आयुष्य काढले, पण बाग शिस्तीत ठेवली.' काय सुरुवात आहे.

'झारी गेली त्या रात्री मला झोप लागली नाही, पण ते पंख्याच्या आवाजामुळे.' हे स्वानुभवातून घेतलं. लेखनाला वास्तवाचा स्पर्श हवा.

'ती दोनदा माझ्याकडे आली. म्हणाली, या गुलाबाला खत काय घालता? मी म्हणालो, मला पाणी आणायचे आहे.' यातला स्वाभिमान बघावा.

'तिच्या हाताखाली फुले फार आली, पण ती रांगेत नव्हती.' एका वाक्यात तिची पद्धत संपवली.

शेवटी वादळ येतं, बाग झोपते, मालक हात जोडतो. माळी म्हणतो, आता उशीर झाला. तिथे मी स्वतः उठून येरझाऱ्या घातल्या.

५ सप्टेंबर
प्रश्न काढले. शेवटच्या प्रश्नात खरी गंमत आहे. 'माळीणबाई व माळी यांच्याविषयी तुमचे मत लिहा. कशावरून, ते उताऱ्यातील ओळींच्या आधारे स्पष्ट करा.' तिच्याच शब्दाने तिचा गळा. तिने घासूनपुसून तयार केलेली पोरं तिच्याविरुद्ध ओळीसकट पुरावे देणार, आणि तिला ते कळणारही नाही.

नाही, कळायला हवं. त्याशिवाय मजा काय? हेडसरांना सुचवलं, शेवटच्या प्रश्नाची सर्वोत्तम तीन उत्तरं पालकसभेत वाचून दाखवू. त्यांना कल्पना फार आवडली. वाचणार कोण? मीच. माझा आवाज चांगला आहे, हे बाईंनीच सांगितलंय.

ती पहिल्या रांगेत बसलेली असेल. तिचा चेहरा आत्तापासूनच डोळ्यांसमोर येतो. आज भूक चांगली लागली.

२८ सप्टेंबर
पेपर झाला. सुपरव्हिजनवाल्या चित्रकलाबाई सांगत होत्या, शेवटच्या प्रश्नाला मुलं पुरवण्यांवर पुरवण्या मागत होती. साहजिक आहे. किती दिवसांचा राग साठला असेल बिचाऱ्यांचा.

कन्या घरी आली. पेपर कसा गेला विचारलं. बरा म्हणाली. मग बराच वेळ छताकडे बघत बसली. अभ्यासाचा ताण असणार.

३ ऑक्टोबर
तपासायला बसलो. नवीन लाल पेन आणलं.

पहिला पेपर. 'माळीणबाई चांगली आहे, कारण फुले फार आली असे माळी स्वतःच सांगतो.' चूक. शून्य.

दुसरा. 'माळी म्हणतो मी मोठ्या मनाचा आहे, पण वादळाची वाट बघतो. ज्याचे बागेवर प्रेम असते तो वादळाची वाट बघत नाही.' उद्धट. शून्य.

पाचवा की सहावा. 'त्याने गुलाबाचे नाव एकदा घेतले आहे आणि झारीचे प्रत्येक परिच्छेदात.' हे पोरगं औषधवाल्याचं असणार.

पुढे मोजायचं सोडून दिलं. एकाही पोराला सरळ वाचता येत नाही. लेखकाने स्पष्ट लिहिलंय की माळी थोर आहे. तरी यांना वाक्याच्या मागे जाऊन डोकवायचं असतं. कपाटामागे काय पडलंय ते बघायची खोड ही. सगळ्यांना तीच खोड लावली तिने.

गठ्ठ्याच्या तळाशी एक पेपर होता. नाव झाकलेलं, पण अक्षर झाकता येत नाही. 'श'ची गाठ तशी फक्त आमच्या घरात काढतात. मीच शिकवली होती, तिचा हात हातात धरून.

वाचलं. गुण दिले एक. बाहेर फेऱ्या मारून आलो.

६ ऑक्टोबर
फेरतपासणीला हेडसरांनी गठ्ठा मागून घेतला. वाटलं, आता हे तरी पोरांचा उद्दामपणा बघतील.

दुपारी केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीतून उठून हात हातात घेतला. म्हणाले, अहो, काय उतारा लिहिलात. स्वतःच्याच तोंडाने स्वतःला उघडं पाडणारा निवेदक. प्रत्येक ओळीत पुरावा पेरलाय आणि त्याला स्वतःला एकही दिसत नाही. असा माणूस उभा करायला केवढी समज लागते. मुलांनी सोन्यासारखी उत्तरं लिहिली आहेत, तुम्ही गुण मात्र फारच हात राखून दिलेत. सगळे वाढवले.

मी काय म्हणणार? अर्थात मुद्दामच तसा लिहिला, असं म्हणालो. ते म्हणाले, पंख्याची जागा तर कमाल आहे. मी म्हणालो, हो, त्यावर फार विचार केला होता.

बाहेर आल्यावर जिन्यात उभं राहून आठवून बघितलं, पंख्यात काय कमाल आहे. विचारायला कोणी नव्हतं. पायरीवर बसून उताऱ्याची पहिली ओळ पुन्हा वाचली.

अच्छा.

९ ऑक्टोबर
उद्या पालकसभा. तीन उत्तरं निवडून झाली आहेत, हेडसरांनी निवडली. तिसरं कुठलं ते त्यांनी दाखवलं. 'श' ओळखला.

सर्दी झाली आहे असं कळवायचा विचार केला. बायको म्हणाली, नाक तर कोरडं आहे.

१० ऑक्टोबर
झाली सभा.

हॉल भरलेला. बायको दुसऱ्या रांगेत, कन्या मुलांबरोबर भिंतीपाशी. बाई पहिल्या रांगेत, अगदी मी ठरवलं होतं त्या खुर्चीवर. हेडसरांनी माझी ओळख करून दिली, उतारा सरांनीच लिहिलाय हे सांगितलं, टाळ्या झाल्या. सूड घेण्यासाठी जो माइक मागितला होता तो हातात आला.

उतारा वाचला. पहिली दोन उत्तरं वाचली. लोक हसत होते, माळ्याला. औषधवाले तर मांडीवर थापा मारत होते. मग तिसरं.

'माळी म्हणतो, झोप पंख्याच्या आवाजामुळे लागली नाही. पण त्याच्या खोपटात वीज नाही, हे त्यानेच पहिल्या ओळीत सांगितले आहे. म्हणजे तिथे पंखा नाहीच. त्याला वाईट वाटल्यामुळे झोप लागली नाही, आणि ते त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. म्हणून मला त्याचा राग आला नाही. झारी काढून घेताना मालकाने त्याला आधी विचारायला हवे होते. माळीणबाईने दोनदा विचारले. तिला खरोखर शिकायचे होते. त्याने एकदा जरी खत कोणते ते सांगितले असते, तर बाग दोघांची झाली असती. माळी वाईट नाही. तो एकटा आहे.'

'तो एकटा आहे' इथे माइक बिघडला. म्हणजे आवाज येईना. हेडसरांनी माइकवर टिचकी मारली तर खडखडून आवाज आला. तरी माझं पुढचं वाक्य कोणाला ऐकू गेलं नाही. तसं पुढे वाक्य नव्हतंच.

हॉलमध्ये आता कोणी हसत नव्हतं. बाई उठून आल्या आणि पाण्याचा ग्लास दिला. पाणी आणायला मला कुठे जाता आलं नाही. हळूच म्हणाल्या, सर, वाचावं तर तुम्हीच, आठवड्यातून एक तास नववीला वाचून दाखवाल का. मी म्हणालो, विचार करतो. 'बसूया का' असं यावेळी त्यांनी विचारलं नाही. विचारतील असं वाटलं होतं.

घरी येताना तिघं चालत आलो. वरचे बँकवाले जिन्यात भेटले. नमस्कार म्हणाले.

११ ऑक्टोबर
काल घरी आल्यावर बघतो तर स्टुलावर इलेक्ट्रिशियन. कन्येने सभेला निघतानाच शेजारी किल्ली ठेवून त्याला बोलावलं होतं. पंखा खाली घेतला, खोलला, तेल घातलं, पुन्हा लावला. म्हणाला, साहेब, काही बिघाड नव्हता, आवाजही नव्हता. मी म्हणालो, आता बरा झाला असेल.

तो गेल्यावर पंखा पूर्ण बंद करून झोपलो.

सकाळी कन्या चहा घेऊन आली. खुर्चीच्या हाताला टेकून उभी राहिली. विचारलं, बाबा, झोप लागली का? मी म्हणालो, लागली, अगदी गाढ.

ती माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली. कशावरून, असं काही तिने विचारलं नाही.